नाव घातलेली भांडी

डंडी शहरात नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा रेल्वेपूल आधी करडा होतो,
मग नुसता आवाज.
आणि तळमजल्यावरच्या खोलीत
एक सर्व्हर अकराव्या दिवशी मरतो.

दर अकराव्या दिवशी. पहाटे चारच्या सुमाराला.
मरताना फार बोलत नाही:
मेमरी संपली, एवढंच.
हाताला लागेल त्या प्रोसेसचा बळी देतो,
मग स्वतःचा.

फर्गस ऑख्टरलोनी म्हणतो, दर रविवारी रीस्टार्ट कर, झालं.
त्याच्या आजोबांच्या बोटीचं भोक कधी सापडलंच नाही,
तीस वर्षं पाणी उपसून मासे धरले त्यांनी.
मी म्हणते, बोटीत पाणी आत येतं, फर्गस.
इथं बाहेर चाललंय.
तो कप ठेवून जातो. चहा बिनसाखरेचा.

कर्नल म्हणजे कोठीघर.
कुणीही यावं, मागावं,
वाटी द्यायची, परत आली की पालथी घालायची.
हिशेब नुसता आकड्यांचा: इतक्या गेल्या, इतक्या आल्या.
कुणी नेली, ते लिहायची पद्धतच नव्हती.

इचलकरंजीत बाबा भांड्यांच्या दुकानाबाहेर
स्टुलावर बसायचे, नाव घालायचं मशीन घेऊन.
टर्रर्र, टर्रर्र, ठिपक्याठिपक्यांनी
डब्याच्या बुडावर आडनाव, गाव, तारीख.
गिऱ्हाईक म्हणायचं, कशाला एवढं, आपलंच तर आहे.
बाबा मान वर न करता:
घरात असेतो नाव लागत नाही, वहिनी.
शेजारी गेलं की लागतं.

तर मीही बसले स्टुलावर.
जिथं जिथं कर्नल मेमरी देतो
तिथं तिथं ठिपक्यांनी नाव घातलं:
कुठली फाइल, कितवी ओळ,
किती बाइट,
किती अजून बाहेर.

पहिल्या रात्री यादी काढली
तर सगळ्यांत मोठी उधारी
माझ्या वहीचीच निघाली.
नोंदीला जागा लागते,
त्या जागेची नोंद,
त्या नोंदीला पुन्हा जागा.
हसले, एकटीच, पंख्यांच्या घोंघाटात.
मग वहीला बजावलं: स्वतःला मोजू नकोस.

त्यानंतर नुसतं बघणं.
नेटवर्क लाखांनी नेतं, पापणी लवायच्या आत परत देतं.
फाइलींची कॅश साठेबाज, पण मागितलं की सोडते.
एकच ओळ होती, चढत होती, उतरत नव्हती.
चौसष्ट बाइट.
बऱ्याच वेळानं, पुन्हा चौसष्ट.

ओळ चारशे बारा.
डिस्कला हाक मारायच्या आधी फंक्शन एक वाटी घेतं.
डिस्कनं ओ दिली तर सगळं रीतसर.
नाही दिली, केबल जरा सैल असली,
तर ते मागच्या दारानं निघून जातं
आणि वाटी कुठं ठेवली हे ज्याला ठाऊक
तोच उरत नाही.
वाटी असते. पत्ता नसतो.

कुणी लिहिलं हे, म्हणून इतिहास उघडला.
माझंच नाव.
चार वर्षांपूर्वीचा एक गुरुवार, संध्याकाळी सहा सतरा.

मला तो गुरुवार आठवत नाही.
ब्रॉटी फेरीची बस गाठायची होती?
घरून फोन आला होता? आलाही असेल.
मशीनकडं ती संध्याकाळ सेकंदासकट आहे,
माझ्याकडं तिचा एक घोटही नाही.

दुरुस्ती एका ओळीची.
मागच्या दारानं जातानाही वाटी ठेवून जा.

आज बारावा दिवस. सर्व्हर चालू आहे.
वही मी काढून टाकली नाही,
थोडी जागा खाते, खाऊ दे.

ऑफिसच्या ओट्यावर नऊ कप होते, सहा उरलेत.
फर्गसला विचारलं, कोण नेतं रे?
तो म्हणाला, काय माहीत.
आपलेच तर आहेत.